मित्राने घरी केलेली बिअर चाखताना आणि तिच्याविषयी त्याला सांगताना

माझा एक शाळासोबती गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो आणि तिथे स्वतःच्या स्वयंपाकघरात बिअर तयार करतो. दर उन्हाळ्यात तो सोलापूरला येतो तेव्हा ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणतो. सहाच, कारण परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतचेच मद्य शुल्काशिवाय आणता येते आणि सहा बाटल्यांचा हिशेब १.९८ लिटरवर थांबतो. पहिल्या वर्षी त्याने विचारले, "कशी झालीय?" आणि मी म्हणालो, "एक नंबर!" त्याच्या पिल्सनर या फिकट, हलक्या बिअरला कढवलेल्या लोण्याचा स्पष्ट वास येत होता आणि तो मला जाणवलाही होता, पण इतक्या लांबून प्रेमाने आणलेल्या वस्तूला नावे कशाला ठेवायची, या विचाराने मी गप्प बसलो. त्याने परत जाऊन त्याच पद्धतीने आणखी २० लिटर बिअर केली आणि त्यातली निम्मी अखेर मोरीत ओतली. पुढच्या वर्षी त्याने मला विचारले, "अरे, तुला कळलं होतं, तर बोलला का नाहीस?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते त्यानंतरच्या उन्हाळ्यांत, चुका करत करत, शिकलेले आहे.

आधी कायद्याचे सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला, त्यामुळे तिथे विक्री न करता स्वतःपुरती बिअर करण्यास आडकाठी नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि मद्य पिण्यासाठीही परवाना काढावा लागतो. तेव्हा हा लेख वाचून कोणी गच्चीवर पिंप मांडू नये. चाखणाऱ्याच्या बाजूचे काम मात्र परवाना खिशात ठेवून सोलापुरात बसूनही नीट करता येते.

माझी उमेदीची वर्षे चादरींच्या तपासणीत गेली. तपासणीच्या टेबलावर चादर पसरली की "ही चादर वाईट आहे" असे कोणी म्हणत नाही. ताण्याचा धागा तुटला आहे, बाणा दोन इंच सुटला आहे, डाव्या काठाशी तेलाचा डाग आहे, असे सांगावे लागते, कारण विणकराला माग दुरुस्त करायचा असतो आणि "वाईट" या शब्दाने कोणताच माग दुरुस्त होत नाही. बिअरविषयीचा अभिप्रायही असाच असला पाहिजे: काय जाणवले, कुठे जाणवले आणि किती जाणवले. आवडले की नाही हा मुद्दा त्यानंतरचा.

बाटल्या हाती आल्यावर

घरगुती बिअर बहुधा गाळलेली नसते आणि तिच्यातला वायू बाटलीतच तयार होतो. बाटली बंद करताना थोडी साखर घालतात, उरलेले यीस्ट ती खाते, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि काम संपल्यावर यीस्ट तळाशी गाळ होऊन बसते. विमानाचा आणि त्यानंतर मुंबई ते सोलापूर रेल्वेचा प्रवास करून आलेल्या बाटलीत हा गाळ ढवळला गेलेला असतो. म्हणून बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवाव्यात, आडव्या नव्हेत, आणि किमान तीन-चार दिवस त्यांना हात लावू नये. आल्या संध्याकाळीच उघडलेली बाटली गढूळ दिसते, तिला पावाच्या आंबवलेल्या पिठासारखी चव येते, आणि त्याचा दोष उगाच करणाऱ्याच्या माथी बसतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर सहज जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त तापते. उष्णतेने बिअर शिळी होण्याचा वेग झपाट्याने वाढतो. त्यामुळे बाटली कुठे किती वेळ राहिली हे मित्राला विचारून टिपून ठेवावे. स्टेशनवरून थेट घरी आली, की दोन दिवस पाहुण्यांच्या घरी माळ्यावर पडली होती? ही माहिती नसेल तर प्रवासात शिरलेला दोष आणि करताना राहिलेला दोष यांची गल्लत होते.

त्याला आणखी एकच गोष्ट आधी विचारावी: ही कोणत्या प्रकारची बिअर करायचा तुझा विचार होता? पाककृती, यीस्टचे नाव, तापमान हे सगळे नंतर. काही जण म्हणतात की काहीच माहीत नसताना चाखावे. मला ते पटत नाही, कारण भाकरी चाखायची की पुरणपोळी हेच ठाऊक नसेल तर गोडवा जास्त आहे की कमी, हे ठरणार कसे? उलट पाककृती आधी वाचली की जीभ ऐकीव गोष्टी बोलू लागते. त्याने संत्र्याची साल घातल्याचे कळले की प्रत्येकाला संत्रे लागते.

जागा, वेळ आणि ग्लास

चाखण्यासाठी जेवणाआधीची वेळ चांगली. माझी वेळ संध्याकाळी साडेपाचची आहे. उन्हे कलतात आणि घरात फोडणी पडायला अवकाश असतो. त्या दिवशी दुपारच्या जेवणात शेंगा चटणी नको, ही अट सोलापूरकराला जड जाते याची मला कल्पना आहे, पण लसूण आणि तिखट जिभेवर तासन्तास रेंगाळतात. उदबत्ती, अत्तर, तंबाखू, ताजा रंग, नुकतीच फिनाइलने पुसलेली फरशी, यांपैकी काहीही आसपास असू नये. दोन घोटांच्या मध्ये जीभ साफ करायला साधे पाणी आणि बिनमिठाचे, बिनतेलाचे काही तरी असावे; मी ज्वारीची कडक भाकरी मोडून घेतो. साधे चुरमुरेही चालतात.

ग्लास काचेचाच हवा, कारण स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. तो स्वच्छ हवा हे सांगायची गरज नाही असे मलाही वाटत होते. दुसऱ्या वर्षी मी मित्राच्या एल प्रकारच्या फिकट बिअरविषयी "हॉप्सचा लिंबासारखा टवटवीत वास, अप्रतिम" असे लिहिले. तो खूश झाला, पण चक्रावलाही, कारण त्याने घातलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुले, मातकट आणि गवती वासाचे होते. दुसरी बाटली उघडली तेव्हा लिंबू गायब. उलगडा स्वयंपाकघरात झाला: तो वास भांडी घासायच्या साबणाचा होता. तेव्हापासून मी ग्लास गरम पाण्याने दोन-तीनदा विसळतो, पालथे घालून हवेवर वाळवतो, फडक्याने पुसत नाही, आणि ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगून बघतो. ग्लास स्वच्छ आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यात पाणी फिरवून ओतून द्यावे. आतून सगळीकडे सारखा ओला राहिला तर ठीक, थेंबाथेंबाने तुटले तर तेलकटपणा शिल्लक आहे. तेल आणि साबण दोन्ही फेस मारतात, आणि फेस का टिकला नाही याचे खापर पुन्हा करणाऱ्यावर फुटते.

फार थंड बिअर काहीच बोलत नाही. फ्रीजमधून चार अंशांवर काढलेल्या स्टाउटची, म्हणजे गडद, काळपट बिअरची, चव बर्फाच्या पाण्यासारखी लागते. हलक्या लागरला, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या बिअरला, पाच ते सात अंश, गव्हाच्या बिअरला आठच्या आसपास, एल आणि स्टाउटला दहा ते तेरा, असा साधारण अंदाज ठेवावा. थंडीच्या देशांतल्या पुस्तकांत बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा असे लिहिलेले असते. सोलापूरच्या मे महिन्यात दहा मिनिटे पुरतात. बिअर हळूहळू तापत जाते तशी वेगळी दिसू लागते, म्हणून शेवटचा घोट मुद्दाम दहा मिनिटांनी घ्यावा आणि त्याचीही नोंद करावी.

एका वेळी साठ ते नव्वद मिलिलिटर पुरे. फिकीकडून गडद, सौम्यकडून कडू आणि कमी मद्यांशाकडून जास्त मद्यांशाकडे, असा क्रम ठेवावा. एका बैठकीत तीन प्रकारांच्या पुढे जाऊ नये. चौथ्याला जीभ थकलेली असते आणि माणूस उदार झालेला असतो.

नाक आधी, जीभ नंतर

बाटली उघडताना कान द्यावा. हलकासा फुसकारा हवा. काहीच आवाज आला नाही तर वायू धरलेला नाही. फेस उसळून टेबलभर झाला तर साखर जास्त पडली, किण्वन, म्हणजे यीस्टचे साखर खाण्याचे काम, पुरे होण्याआधी बाटली भरली, किंवा बाटलीत नको असलेला जंतू शिरला. ओतताना एकाच धारेत, हात न थांबवता ओतावे आणि तळाचा बोटभर थर बाटलीतच सोडावा. गव्हाची बिअर अपवाद आहे. तिच्यात गाळ मिसळून घेण्याची रीत आहे.

ओतल्याबरोबर, रंग बघायच्याही आधी, वास घ्यावा. गंधक, उकडलेल्या मक्यासारखे काही वास इतके उडते असतात की दोन मिनिटांत नाहीसे होतात. दीर्घ श्वास ओढू नये. कुत्रा हुंगतो तसे तीन-चार छोटे झटके घ्यावेत, मग ग्लासवर तळहात ठेवून किंचित फिरवावा, हात काढावा आणि पुन्हा हुंगावे. त्यानंतर रंग, गढूळपणा आणि फेस बघायला अर्धा मिनिट पुरतो. मग घोट घ्यावा, तो जिभेभर फिरवावा, गिळावा आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग या मागच्या वाटेने नाकालाच कळतो. खात्री करायची असेल तर नाक दाबून जिरे चावून बघावे. नाक सोडेपर्यंत ते जिरे आहे हे कळत नाही. वाइनसारखी चूळ भरून थुंकणे इथे फारसे उपयोगाचे नाही, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतरच पुरता उमगतो.

आता शब्दांविषयी. बिअरच्या परदेशी पुस्तकांतील उपमा आपल्याला उसन्या घ्याव्या लागतात आणि त्यांतल्या काही आपल्या नाकाने कधी अनुभवलेल्याच नसतात. उन्हात राहिलेल्या बिअरच्या वासाला तिकडे स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. तो प्राणी मी पाहिलेला नाही, हुंगणे दूरच. जळके रबर आणि लसूण यांच्या मधला तो उग्र वास असे मी लिहितो आणि मित्राला बरोबर कळते. आपल्या स्वयंपाकघरात आणि शिवारात बिअरला पुरतील इतके शब्द आहेत: खरपूस आणि करपट, आंबूस आणि आंबट, खवट, कुबट, उग्र, मिळमिळीत. माल्ट म्हणजे अखेर मोड आणून वाळवलेले जव. त्याच्या वासाला ज्वारीच्या लाह्या, भाजलेला हुरडा, भाकरीचा पापुद्रा, तव्यावर जास्त झालेली कड, काकवी अशी चढती भांजणी लावता येते. गडद बिअरमध्ये कधी कधी साखर कारखान्याजवळून जाताना येतो तसा मळीचा वास लागतो, आणि आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

सर्वांत जास्त गल्लत होते ती कडू आणि तुरट यांत. मीही बरेच दिवस दोन्हीला कडवटच म्हणत होतो. कडूपणा ही चव आहे. ती कारल्यासारखी जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळते आणि तोंडाला पाणी सुटते. तुरटपणा हा स्पर्श आहे. डाळिंबाचे दाणे काढताना आतला पांढरा पडदा दाताखाली आला की जीभ खरखरीत होते, गाल आतून ओढल्यासारखे वाटतात आणि तोंड कोरडे पडते. सोलापुरात डाळिंब मिळायला अडचण नाही, तेव्हा सालीचा नखाएवढा तुकडा आणि कारल्याची चकती एकामागून एक चावून हा फरक एकदा कायमचा जिभेवर बसवून घ्यावा. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कडूपणा जास्त झाला तर हॉप्सचे प्रमाण किंवा उकळीची वेळ बदलावी लागते. तुरटपणा बहुधा धान्याच्या सालीतून टॅनिन उतरल्याने येतो, म्हणजे भिजवलेल्या धान्यातला गोडवा काढण्यासाठी ते धुताना पाणी फार गरम होते किंवा फार वेळ धुतले गेले. "कडवट झालीय" एवढेच सांगितले तर मित्र हॉप्स कमी करेल, तुरटपणा तिथेच राहील आणि पुढची बिअर तुरट आणि मिळमिळीत अशी दोन्ही होईल.

आंबटपणाचेही तसेच. ताकाचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा आणि व्हिनेगरचा नाकात चढणारा आंबटपणा ॲसेटिक आम्लाचा. दोन्ही बहुधा जंतूंकडे बोट दाखवतात, पण दुसऱ्याला हवाही लागते, म्हणून तो असेल तर झाकण, नळी, रिकामी राहिलेली जागा यांचा विचार करावा. हिरव्या, कच्च्या सफरचंदासारखा वास आला तर बिअर बहुधा लवकर काढली आहे. तो ॲसिटाल्डिहाइडचा असतो आणि यीस्टला वेळ मिळाला की बराचसा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास, पावसाळ्यात भिजलेल्या खोक्याचा, हे हवा लागल्याचे आणि वय झाल्याचे लक्षण आहे. औषधाच्या पेटीचा, चिकटपट्टीचा वास असेल तर पाण्यातल्या क्लोरीनचा संशय धरावा. जिभेला आणि घशाला चटका बसत असेल, स्पिरिटसारखा, तर किण्वन फार उबेत झाले असावे.

प्रत्येक वास दोषच असतो असे नाही. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हवाच असतो आणि तोच पिल्सनरमध्ये आला तर बिघाड ठरतो. जर्मनीतल्या बामबर्गमध्ये माल्टला लाकडाचा धूर देऊन केलेली बिअर मानाने पितात. बर्लिनची एक जुनी बिअर आंबटच असते. म्हणूनच सुरुवातीला मित्राला त्याचा हेतू विचारायचा.

जीभ तयार करण्यासाठी दुकानातली साधी लागर पुरेशी आहे. तिच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसरी अंधाऱ्या कपाटात मे महिनाभर तशीच राहू द्यावी. मग दोन्ही सारख्या थंड करून शेजारी शेजारी चाखल्या की शिळेपण म्हणजे काय ते पुस्तकाविना कळते. सोलापूरचा उन्हाळा ही प्रयोगशाळा फुकट देतो. हिरव्या बाटलीतली बिअर अर्धा तास उन्हात ठेवली तर तो जळक्या रबराचा वासही ओळखीचा होतो, मात्र प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरलेला असेल तर तो येत नाही, तेव्हा एकाच बाटलीवर निष्कर्ष काढू नये. तपकिरी काच उन्हाला बरीच अडवते.

आपल्या नाकाला काय कळत नाही हेही याच सरावात समजते. लोण्यासारखा वास देणारे डायअसिटाइल काही जणांना चटकन कळते आणि काहींना बरेच जास्त असूनही कळत नाही. माझ्या नाकाला ते लगेच सापडते, पण मक्याचा वास माझ्या हातून निसटतो. म्हणून मी दुसऱ्या एका चाखणाऱ्याला बसवतो. दोघांनी न बोलता आधी लिहावे. एकाने "केळं!" म्हटले की दुसऱ्याला केळेच येते.

लिहायचे कसे

स्पर्धांमध्ये परीक्षक बिअरला ५० पैकी गुण देतात. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या तक्त्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १० गुण आहेत. लक्ष कुठे द्यायचे हे समजायला हा तक्ता चांगला आहे: रूपाला ३ आणि चवीला २०, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मित्राला मात्र मी गुण देत नाही. ३१ हा आकडा दिला की तो आकडा धरून बसतो आणि खाली लिहिलेले वाचत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या गव्हाच्या बिअरवर मी लिहिलेली नोंद इथे जशीच्या तशी देतो.

"बाटली पहिली. उघडताच फेस उसळला, सुमारे पाव बाटली सांडली. थंडावा आठ अंशांच्या जवळ. वास: वेलची केळे ठळक, मागे लवंग अगदी हलकी, त्यामागे ताकाचा आंबूसपणा. रंग उन्हात धरलेल्या मधासारखा, गढूळ; फेस पाच मिनिटांनीही बोटभर. चव: पहिल्या घोटात गव्हाच्या पोळीचा गोडवा, मध्ये आंबट, शेवट कोरडा आणि पातळ. तुरटपणा नाही. दहा मिनिटांनी आंबटपणा वाढल्यासारखा वाटला.

बाटली दुसरी, आठ दिवसांनी. फुसकारा नेहमीसारखा, सांडली नाही. केळे आणि लवंग दोन्ही ठळक. आंबूसपणा नाही. शेवट भरीव."

प्रत्येक प्रकाराच्या दोन बाटल्या असण्याचा फायदा या नोंदीत दिसतो. दोष दोन्ही बाटल्यांत सारखा असता तर तो पिंपातला, म्हणजे सगळ्या घाण्याचाच, धरावा लागला असता. एकीतच होता, म्हणून तो बहुधा त्या एका बाटलीचा. मित्राने सगळे पिंप बदलायचा विचार चालवला होता, तो या दोन परिच्छेदांनी थांबला. बाटल्या धुताना तो ज्या ब्रशने घासायचा, तो खांद्याच्या वळणापर्यंत पोचत नव्हता आणि काहींच्या आत यीस्टचा वाळलेला थर राहत होता, हे त्यानेच नंतर शोधून काढले.

बोलायचे कसे

कारण शोधणे हे त्याचे काम आहे, आपले नव्हे. आपण प्रश्न विचारावेत. एकाच वासाची अनेक कारणे असतात आणि आपण त्याच्या स्वयंपाकघरात उभे नव्हतो. लोण्याचा वास यीस्टला काम पुरे करू न दिल्याने येतो, तसाच नळ्यांत बसलेल्या जंतूंमुळेही येतो. म्हणून "तू घाई केलीस" असे न म्हणता "शेवटचे दोन-तीन दिवस तापमान थोडे वाढवले होतेस का?" असे विचारावे. त्याला हे माहीत नसेल तर एक सोपी चाचणी सुचवता येते: बाटल्या भरायच्या आधी थोडी बिअर दोन झाकणाच्या बरण्यांत घ्यावी, एक बरणी ६० ते ७० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावी, मग दोन्ही थंड करून हुंगाव्यात. तापवलेल्या बरणीतून लोणी आले आणि दुसरीतून आले नाही, तर यीस्टला आणखी दिवस हवेत. मक्याचा किंवा शिजलेल्या कोबीचा वास असेल तर उकळताना झाकण ठेवले होते का, तासभर तरी उकळले का आणि उकळल्यावर लवकर थंड केले का, हे विचारावे. औषधी वास असेल तर नळाचे पाणी तसेच वापरले का, हा एकच प्रश्न पुरतो. मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी २०-२५ लिटर पाण्यातला क्लोरीन मारायला पुष्कळ होते.

बोलणे समोरासमोर करायचे असेल तर आधी त्यालाच विचारावे, "तुला स्वतःला काय वाटलं?" करणाऱ्याला आपल्या वस्तूतली खोट बऱ्याचदा ठाऊक असते आणि ती त्याच्याच तोंडून निघाली की पुढचे सोपे होते. चारचौघांत, त्याच्या आईवडिलांसमोर, सासुरवाडीच्या माणसांसमोर दोष काढू नये. स्तुतीही नेमकी असावी. "फेस पाच मिनिटे टिकला, मागच्या वर्षी दोन मिनिटांत बसला होता" हे वाक्य "एक नंबर" या शब्दांपेक्षा त्याला जास्त दिवस पुरते, कारण काय तसेच ठेवायचे हेही त्याला कळायला हवे.

आणि पुढच्या वेळी बदलायची गोष्ट एकच सुचवावी. पाच सुचवल्या आणि बिअर सुधारली, तर कशाने सुधारली हे कोणालाच सांगता येत नाही. एक बदल खरोखर जिभेला कळतो का हे तपासायचे असेल तर तीन ग्लासांची परीक्षा घ्यावी: दोन ग्लासांत जुनी, एकात नवी, किंवा उलट, आणि चाखणाऱ्याने वेगळा ग्लास ओळखायचा. आंधळेपणाने बोट ठेवले तरी तिनात एकदा बरोबर येतेच, म्हणून एकदा ओळखले याला अर्थ नाही. पाच-सहा वेळा करून पाहावे. आमच्या घरी ही परीक्षा घेतली तेव्हा, ज्या महागड्या माल्टवर मित्राचा जीव होता तो कोणालाच ओळखता आला नाही. तो अर्धा तास गप्प होता. नंतर म्हणाला, "बरं झालं, पैसे वाचले."

"पण माझ्या ऑफिसमधल्या सगळ्यांना आवडली" असे तो म्हणाला तर वाद घालू नये. त्यांना आवडली असेल आणि तुम्हाला त्यात पुठ्ठा लागला असेल. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. लिहिलेले त्याच्या हाती द्यावे आणि विषय बदलावा. तो चार दिवसांनी स्वतःच विचारतो.

एक शेवटचे काम राहते आणि ते विसरले की करणाऱ्याला खरोखर राग येतो. जाड काचेच्या तपकिरी बाटल्या त्याला परत हव्या असतात. ओतून झाल्याबरोबर, गाळ ओला असतानाच, बाटलीत अर्धे पाणी घालून जोराने हलवावी, दोन-तीनदा विसळावी आणि पालथी वाळवावी. साबण लावू नये. रात्रभर तशीच राहिली तर तळाचा थर सिमेंटसारखा बसतो. माझ्याकडून सहाच्या सहा बाटल्या परत जातात, दरवर्षी एका जेकार्ड चादरीत गुंडाळून, आणि ती चादर मात्र परत येत नाही.